लुगडे

लुगडे हे महाराष्ट्रातील स्त्रियांचे पारंपरिक, न शिवलेले आणि अंगाभोवती गुंडाळून नेसावयाचे लांब वस्त्र होय. प्रौढ स्त्रीचे लुगडे साधारणतः आठ ते नऊ वार लांब असते, म्हणून त्यास ‘नऊवारी’ असेही म्हणतात. एक वार म्हणजे तीन फूट. त्या हिशोबाने नऊ वारांचे लुगडे सुमारे ८.२ मीटर भरते, तर सहावारी साडी सुमारे ५.५ मीटर. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत शेतमजूर स्त्रीपासून सरदार घराण्यातील स्त्रीपर्यंत बहुतेक सर्व मराठी स्त्रियांचा हाच नित्याचा पोशाख होता. पुढे शहरांत आणि नंतर खेड्यांत सहावारी साडीने त्याची जागा घेतली. आज रोजच्या वापरातील लुगडे मुख्यतः ग्रामीण भागातील वृद्ध स्त्रियांच्या अंगावर दिसते. तरुण पिढी ते सण, विवाह आणि मिरवणुकीपुरते नेसते.

लुगड्याला माप नसते. एकच वस्त्र कृश आणि स्थूल, उंच आणि ठेंगण्या अशा कोणत्याही स्त्रीला नेसता येते. त्यामुळे पोशाखातील व्यक्तिगत आवड शिवणीच्या तऱ्हेत व्यक्त होण्यास वाव नव्हता. ती पोत, रंग, काठ, नेसण्याची धाटणी आणि कोणत्या प्रसंगी कोणते वस्त्र काढावे याच्या तारतम्यात दिसून येई.

नाव आणि शब्दसंपदा

‘लुगडे’ हा शब्द मुख्यतः नऊवारी वस्त्रासाठी वापरला जातो. तलम पोताच्या वस्त्रास ‘पातळ’ म्हणत. हाच शब्द पुढे अनेक घरांत सहावारीसाठीही रूढ झाला. लहान मुलींच्या आखूड लुगड्यास ‘चिरडी’ असे नाव होते. मुली आधी परकर-पोलके घालीत आणि वाढत्या वयात लुगडे नेसू लागत. झिजून विरलेल्या वस्त्रास ‘जुनेर’ म्हणतात. नवे वस्त्र पहिल्यांदा नेसणे म्हणजे त्याची ‘घडी मोडणे’. घरातील वडीलधाऱ्या किंवा लाडक्या व्यक्तीकडून घडी मोडून घेण्याची पद्धत अनेक घरांत होती.

लुगड्याचे तीन मुख्य भाग होतात. दोन्ही लांब कडांना ‘काठ’, खांद्यावरून येणाऱ्या शोभिवंत टोकास ‘पदर’ आणि मधल्या विस्तारास ‘अंग’ म्हणतात. वस्त्राच्या रुंदीला ‘पन्हा’ हा शब्द आहे. काठ आणि पदर एका रंगाचे व अंग दुसऱ्या रंगाचे ही जुन्या लुगड्यांची नेहमीची रचना होय. ‘काठापदराची’ हे विशेषण त्यावरूनच आले.

नेसण

लुगडे नेसण्याच्या मराठी पद्धतीस ‘सकच्छ’ म्हणतात, कारण तीत काष्टा असतो. काष्टा न घालता नेसण्याच्या पद्धतीस ‘विकच्छ’ किंवा बोलीभाषेत ‘गोल नेसण’ म्हणतात. सकच्छ नेसणाची सामान्य रीत अशी: वस्त्र कमरेभोवती घेऊन पुढे गाठ मारली जाते. एका बाजूची लांबी पदरासाठी ठेवतात. दुसऱ्या बाजूच्या लांबीच्या निऱ्या घालून त्या पुढे खोचतात. या खोचलेल्या भागास ‘ओचा’ म्हणतात. निऱ्यांचा खालचा भाग दोन्ही पायांमधून मागे नेऊन कमरेशी खोचला की काष्टा होतो. अशा नेसणास आतून परकराची गरज नसते. दोन्ही पाय वेगवेगळे वेढले जात असल्याने चालणे, वाकणे, उकिडवे बसणे आणि चढणे सुलभ होते.

नेसणाच्या अनेक स्थानिक आणि जातिनिहाय धाटण्या होत्या. ब्राह्मणी नेसणात काष्टा नीट चापूनचोपून घालून लुगडे घोट्यापर्यंत सोडीत. शेतात राबणाऱ्या स्त्रिया ते वर खोचून घेत, म्हणजे भातलावणीच्या चिखलात किंवा खळ्यावर ते पायांत अडकत नसे. कोळी स्त्रियांचे नेसण गुडघ्यापर्यंतचे आणि घट्ट असते. मासळीची ने-आण आणि पाण्यातील वावर यांना ते सोयीचे पडते. डोक्यावरून पदर घेणे, दोन्ही खांदे झाकून घेणे किंवा पदर कमरेला बांधणे यांतूनही स्त्रीचे वय, नाते आणि त्या वेळचे काम सूचित होई. अनोळखी स्त्री कोणत्या भागातील व कोणत्या समाजातील आहे हे नेसणावरून पुष्कळदा ओळखता येत असे.

सकच्छ नेसण केवळ महाराष्ट्रापुरते मर्यादित नाही. तमिळ ब्राह्मण स्त्रियांचे ‘मडिसार’ हे नेसणही नऊवारी आणि काष्ट्याचे असते. गोव्यातील कुणबी स्त्रियांचे वस्त्र मात्र लांबीने आखूड, बहुधा लाल चौकड्यांचे असून त्याची गाठ खांद्यावर मारली जाते. हे वस्त्र मागे पडले असता वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी एकविसाव्या शतकात त्यास पुन्हा प्रकाशात आणले.

विणकामाची केंद्रे आणि प्रकार

इरकल: कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातील इळकल या गावावरून हे नाव पडले. लाल रेशमी पदरावरील पांढऱ्या नक्षीने ते चटकन ओळखता येते. अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा फासे घालून एकमेकांत अडकवणे हे त्याच्या विणीचे वैशिष्ट्य होय. टिकाऊपणामुळे दक्षिण महाराष्ट्र आणि मराठवाड्यात ते रोजच्या वापराचे वस्त्र ठरले. त्याच जिल्ह्यातील गुळेदगुड्ड येथील खणाची चोळी त्यावर घालीत.

पैठणी: रेशीम आणि जर यांची ही साडी पैठण आणि येवला येथे विणली जाते. पदरावरील मोर, मुनिया, आसावली इत्यादी आकृती धोट्याच्या साध्या फेकीने होत नाहीत. त्या रंगीत धागे हाताने गुंफून विणतात, म्हणून पैठणीस पुष्कळ वेळ लागतो आणि तिचे मोलही मोठे असते. ‘नारळी’ हा तिच्या काठाचा प्रसिद्ध प्रकार आहे.

महेश्वरी आणि चंदेरी: नर्मदाकाठच्या महेश्वर येथे अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकर यांनी विणकरांना आश्रय दिला. महेश्वरी वस्त्र वजनाने हलके असते. चंदेरीही मध्य प्रदेशातीलच असून तिचा पोत तलम व काहीसा पारदर्शक असतो. इंदूर, ग्वाल्हेर आणि पुणे येथील मराठी घरांत दोन्ही वस्त्रे लोकप्रिय होती.

करवतकाठी: विदर्भातील नागपूर-भंडारा परिसरात विणल्या जाणाऱ्या या वस्त्राच्या काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते. अंग बहुधा टसर रेशमाचे असते. हे विणकाम परंपरेने कोष्टी समाजाकडे होते.

चंद्रकळा: हे काळ्या रंगाचे लुगडे आहे. एरवी शुभकार्यात काळा रंग वर्ज्य मानला जात असला तरी संक्रांतीला चंद्रकळा नेसण्याची प्रथा आहे.

सुती लुगडी हातमागावर गावोगावी विणली जात. यंत्रमाग आल्यावर साध्या, रोजच्या लुगड्यांचे उत्पादन वाढले. इचलकरंजी येथे १९०४ साली पहिला यंत्रमाग आला आणि पुढे ते यंत्रमागाचे मोठे केंद्र बनले.

रोजचे, बाहेरचे आणि ठेवणीतले

मराठी घरांत स्त्रीच्या वस्त्रांची वाटणी सामान्यतः तीन गटांत केलेली असे. रोज घरात व कामावर नेसावयाचे, बाहेर जाताना किंवा पाहुणे आले असता नेसावयाचे आणि सणासमारंभासाठी जपलेले, म्हणजे ‘ठेवणीतले’. सोवळ्यासाठी रेशमी वस्त्र किंवा लोकरीची धाबळी निराळी ठेवीत. सोवळ्यातील वस्त्रास इतरांचा स्पर्श होऊ नये म्हणून ते काठीने उंच दांडीवर वाळत घालीत.

ही वाटणी स्थिर नसे. ठेवणीतले वस्त्र काही वर्षांनी बाहेरचे होई, बाहेरचे रोजचे आणि रोजचे जुनेर. नवे लुगडे बहुधा दिवाळी, लग्नकार्य, डोहाळजेवण किंवा माहेरची ओटी या निमित्ताने येई. ते आले की खालच्या श्रेणीतील एक वस्त्र वापरातून जाई. त्यामुळे संग्रह आपोआप मर्यादित राही. हा मितव्यय नेहमी स्वेच्छेचा नव्हता. गरीब घरांत स्त्रीजवळ दोनच लुगडी असत, एक अंगावर आणि दुसरे दांडीवर. पावसाळ्यात धुतलेले वाळले नाही तर ओलेच नेसावे लागे. लुगडे मधोमध विरले की विरलेला भाग कापून टाकून उरलेले तुकडे शिवणीने जोडीत. यास ‘दंड घालणे’ म्हणतात. दंड घातलेले लुगडे ही दारिद्र्याची खूण मानली जाई आणि ती शिवण नेसताना झाकली जाईल अशी काळजी स्त्रिया घेत.

निवडीचे काही व्यावहारिक निकष पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. रोजच्या लुगड्याचा रंग पक्का आणि मळखाऊ असावा, सूत घट्ट असावे आणि काठ अंगाइतकाच टिकणारा असावा, असे पाहिले जाई. काठ आटला तर अंग धड असूनही लुगडे चोळामोळा दिसते. नव्या वस्त्राची खळ गेल्यावर त्याचा खरा पोत कळतो, म्हणून जाणत्या स्त्रिया दुकानात कापडाचा कोपरा बोटांनी चुरगाळून पाहत. रेशमी वस्त्रे मलमलीत गुंडाळून ठेवीत आणि रिठ्याने धूत. जर एकाच ठिकाणी मोडू नये म्हणून त्यांची घडी अधूनमधून बदलीत. कसर लागू नये यासाठी पेटीत वेखंड किंवा कडुनिंबाची वाळलेली पाने घालीत.

वस्त्र आणि सामाजिक दर्जा

काय नेसावे हा प्रश्न स्त्रीच्या आवडीवर सोपविलेला नव्हता. वैधव्यानंतर ब्राह्मण स्त्रीचे केशवपन करून तिला ‘अलवण’ नावाचे तांबडे जाडेभरडे वस्त्र नेसावे लागे आणि चोळी घालण्याचीही मुभा नसे. रंगीत काठापदराची सर्व वस्त्रे तिच्या वाट्यातून एका दिवसात जात. विसाव्या शतकात समाजसुधारणेच्या चळवळी आणि स्त्रीशिक्षण यांमुळे ही प्रथा ओसरली.

सावित्रीबाई फुले यांनी १८४८ पासून पुण्यात मुलींच्या शाळेत अध्यापन केले. शाळेत जाताना लोक त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकीत, म्हणून त्या बदलण्यासाठी दुसरे लुगडे बरोबर नेत असत, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते.

अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील स्त्रियांनी लुगडे कसे नेसावे आणि कोणते दागिने घालावेत यावरही रूढीचे बंधन होते. गुडघ्याशी आलेले आखूड नेसण आणि हातापायांतील जड दागिने यांवरून त्यांची जात दुरूनच ओळखू येई. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथील सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्त्रियांच्या सभेत याच विषयाला हात घातला. अस्पृश्यतेची ओळख पटविणाऱ्या खुणा टाकून द्याव्यात आणि लुगडे इतर स्त्रियांप्रमाणे पायघोळ नेसावे, असे आवाहन त्यांनी केले. अनेक स्त्रियांनी ते तत्काळ अमलात आणले. त्यासाठी नवे वस्त्र घ्यावे लागले नाही. हाती असलेले वस्त्र निराळ्या रीतीने नेसणे एवढाच तो बदल होता, पण त्यातून सामाजिक समतेचा दावा उघडपणे मांडला गेला.

नऊवारीकडून सहावारीकडे

गोल नेसणाचा प्रसार अनेक वाटांनी झाला. सत्येंद्रनाथ टागोर हे नागरी सेवेतील पहिले भारतीय अधिकारी होते. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी १८६०च्या दशकात मुंबई इलाख्यात राहत असताना त्यांनी पारशी स्त्रियांचे नेसण पाहिले आणि त्यात फेरफार करून पोलके व परकरासह नेसावयाची साडी बंगालमध्ये रूढ केली. आज भारतभर प्रचलित असलेल्या नेसणाच्या घडणीत या पद्धतीचा मोठा वाटा आहे.

डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या. तेथील थंडीत नऊवारी नेसणाने पाय उघडे पडत, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीचे पायघोळ नेसण पत्करले. परदेशी पोशाख न स्वीकारता केवळ नेसण बदलण्याचा हा निर्णय होता. स्वदेशी वेश टिकविणे आणि प्रकृती सांभाळणे या दोन्ही गरजांचा मेळ त्यात घातलेला दिसतो.

विसाव्या शतकात शाळा-महाविद्यालयांत जाणाऱ्या व नोकरी करणाऱ्या स्त्रियांमध्ये सहावारी झपाट्याने पसरली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापडाची तीव्र टंचाई झाली आणि १९४३ मध्ये सरकारने सुती कापड व सूत यांवर नियंत्रण आणले. अशा वेळी प्रत्येक वस्त्रामागे तीन वार कापड वाचणे ही लहान बाब नव्हती. मात्र सहावारीला परकर लागतो, त्यामुळे ही बचत काही अंशी परकराच्या कापडात खर्ची पडे. स्वातंत्र्योत्तर काळात नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या साड्या आल्या. त्या लवकर वाळत आणि त्यांना खळ व इस्त्री लागत नसे, म्हणून चाळीतील अपुऱ्या जागेत राहणाऱ्या व नोकरीवर जाणाऱ्या स्त्रियांना त्या सोयीच्या वाटल्या.

या बदलाबरोबर स्त्रीच्या कपड्यांची मांडणीही पालटली. खणाची एक चोळी अनेक लुगड्यांवर चालत असे. सहावारीसोबत प्रत्येक साडीस जुळणारे पोलके आणि परकर ही अपेक्षा रूढ झाली. त्यातून ‘मॅचिंग सेंटर’ नावाची दुकाने आणि ‘फॉल-पिको’चा व्यवसाय उभा राहिला. एका साडीमागे चार वस्तूंचा खर्च येऊ लागला आणि कपाट भरू लागले. पुढे सलवार-कुर्ता आणि घरातील वापरासाठी गाऊन आल्यावर सहावारीही शहरांत हळूहळू ठेवणीतल्या गटात गेली.

कोणते नेसण अधिक सभ्य, हा वाद या काळात घराघरांत झाला. जुन्या पिढीला काष्टा नसलेले नेसण अशोभनीय किंवा धर्मकार्यास अयोग्य वाटे, तर नव्या पिढीला काष्ट्याचे नेसण मागासलेले वाटे. एकाच काळी दोन्ही नेसणांवर असभ्यतेचा आक्षेप घेतला गेला, ही गोष्ट सभ्यतेच्या कल्पना किती परिवर्तनशील असतात याचे उदाहरण होय.

जुन्या लुगड्यांचा उपयोग

सुती लुगडे जितके वापरले जाते तितके मऊ होते. त्यामुळे जुनेर टाकून देत नसत. नवजात बालकासाठी दुपटी, लंगोट व कुंची त्यापासून शिवीत. आजीच्या किंवा आईच्या लुगड्याचे कापड बाळाच्या अंगाला बोचत नाही, हा त्यामागील अनुभव होता. अनेक जुनी लुगडी एकावर एक घालून आणि धावदोरा मारून गोधडी किंवा वाकळ शिवली जाई. काठांच्या पट्ट्या तिच्या कडेला लावीत. ज्याचा काहीच उपयोग उरला नाही अशा कापडाची पोतेरी होत.

धड असलेली पण नकोशी झालेली वस्त्रे बोहारणीला देऊन मोबदल्यात भांडी घेण्याची पद्धत शहरांत विशेष होती. बोहारणीकडील कपडे दुरुस्त होऊन पुन्हा विक्रीस जात. अशा प्रकारे एका घरातून बाहेर पडलेले वस्त्र दुसऱ्या घरात वापरले जाई आणि फारच थोडे कापड वाया जाई. कृत्रिम धाग्यांच्या साड्या घाम शोषत नाहीत, म्हणून त्यांच्या गोधड्या अंगाला सुखकारक होत नाहीत. सहावारी कृत्रिम साड्यांच्या प्रसारानंतर ही साखळी क्षीण झाली.

मराठी भाषेतील ठसा

लुगडे अंगावरून उतरले तरी त्याचे शब्द भाषेत राहिले आहेत. कामाला सिद्ध होणे म्हणजे ‘पदर खोचणे’, याचना करणे म्हणजे ‘पदर पसरणे’ आणि आश्रय देणे म्हणजे ‘पदरात घेणे’. पैसे पदराच्या टोकाला बांधून ठेवण्याच्या सवयीवरून स्वतःचे पैसे खर्चण्यास ‘पदरमोड करणे’ आणि नुकसान सोसण्यास ‘पदराला खार लागणे’ असे म्हणतात. कमरेशी खोचलेल्या भागात पैसे ठेवीत, त्यावरून ‘कनवटीला लावणे’ हा प्रयोग आला. हे वाक्प्रचार आज पुरुषही स्वतःविषयी सहज वापरतात.

सद्यस्थिती

लावणी कलावंतांच्या वेशात, पंढरीच्या वारीत, कोळी समाजाच्या उत्सवांत आणि गुढीपाडव्याच्या शोभायात्रांत नऊवारी ठळकपणे दिसते. विवाहात गौरीहराच्या पूजेसाठी वधूने पिवळी अष्टपुत्री नेसण्याची प्रथाही अनेक घरांत टिकून आहे. २००४ साली सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात विजेत्या गृहिणीस पैठणी दिली जाई. त्यामुळे पैठणीचे नाव नव्याने घरोघरी पोहोचले.

नेसण्याची कला अवगत नसणाऱ्यांसाठी आता शिवलेली नऊवारी मिळते. ती पायजम्यासारखी घालून पदर खांद्यावर घेतला की काम भागते. ‘ब्राह्मणी’, ‘पेशवाई’, ‘मस्तानी’, ‘राजलक्ष्मी’ अशा नावांनी तिचे प्रकार विकले जातात. नेसण्याचा वेळ वाचणे आणि ती सुटण्याची भीती नसणे हे तिचे फायदे आहेत. तथापि, कापून शिवल्यावर वस्त्राला माप येते. ते दुसऱ्या बांध्याच्या स्त्रीला होत नाही, सासूकडून सुनेकडे किंवा आईकडून मुलीकडे सहज जात नाही आणि जुने झाल्यावर त्यातून सलग कापडही निघत नाही.

हातमागावरील रोजच्या सुती लुगड्याची मागणी घटल्याने अनेक विणकर कुटुंबे इतर व्यवसायांकडे वळली आहेत. इरकल, पैठणी आणि करवतकाठी या वस्त्रांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मात्र मानांकन आणि प्रतिष्ठा यांचा लाभ मुख्यतः ठेवणीतल्या, महागड्या वस्त्रांना होतो. दरम्यान, धुऊन, नेसून आणि झिजवून वापरावयाचे साधे लुगडे ग्रामीण बाजारांतील मोजक्या दुकानांतच आढळते. ते विकत घेणाऱ्या स्त्रिया बहुतांशी साठीपुढच्या आहेत.